आईंची सायकल कुंड्या ठेवायला नाही!

हायवेवरच्या नव्या हॉटेलांमध्ये हल्ली एक फॅशन आली आहे. दाराशी जुनी लेडीज सायकल उभी करायची, तिला गुलाबी नाहीतर पिस्ता रंग फासायचा आणि कॅरिअरवर, हँडलच्या बास्केटमध्ये फुलांच्या कुंड्या ठेवायच्या. चाकांतली हवा गेलेली, चेन काढून टाकलेली. येणारेजाणारे शेजारी उभं राहून फोटो काढतात. छान दिसते, नाही म्हणत नाही. पण मला एक प्रश्न पडतो. कुंड्या वाहायला नेहमी लेडीज सायकलच का लागते? आजोबांची बुलेट कुणी गुलाबी रंगवून तिच्यावर कुंड्या मांडल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. तिचं इंजिन उघडलं जातं, एकेका पार्टसाठी मुंबईपर्यंत माणूस पाठवला जातो आणि ती पुन्हा रस्त्यावर धावली की घरात पेढे येतात!

गेल्या वर्षी हा प्रश्न आमच्याच घरात आला. आमच्या सासूबाई, म्हणजे आई, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. १९६३ साली त्यांनी मिशनच्या दवाखान्यातल्या एका नर्सबाईंकडून जुनी इंग्लिश सायकल विकत घेतली. दीडशे रुपये, तेही तीन हप्त्यांत आणि स्वतःच्या पगारातून. रॅले कंपनीची, नॉटिंगहॅमला बनलेली, काळी कुळकुळीत, साडी नेसून बसता येईल अशी वाकवलेल्या दांड्याची आणि तीन गिअरची! त्या काळी आपल्याकडं साध्या, बिनगिअरच्या सायकली गावोगाव होत्या, पण तीन गिअरची क्वचितच. आई तिच्यावरून रोज चार मैल जात-येत असत. सतरा वर्षांनी त्यांना मुख्याध्यापिकेचं पद मिळालं आणि 'मोठ्या बाईंनी सायकलवर येणं बरं दिसत नाही' असं गावानं ठरवलं. सायकल परसातल्या खोलीत गेली, ती सरपणाच्या मागं चाळीस वर्षं राहिली.

खोली पाडायची ठरली तेव्हा ती बाहेर आली. मग मतांचा पाऊस! धाकटे दीर म्हणाले, भंगारवाल्याला द्या, वीस किलो तरी लोखंड भरेल. जुन्या वस्तूंचा एक व्यापारी बारा हजार द्यायला तयार होता, त्याला ती कुठल्याशा रिसॉर्टच्या भिंतीवर टांगायची होती. मुलगा म्हणाला, पावडर कोटिंग करून हॉलमध्ये ठेवू, मस्त अँटिक लूक येईल. ज्यांची सायकल, त्यांना मात्र कुणी विचारलं नाही. त्या कोपऱ्यात गवार मोडत बसल्या होत्या. शेवटी मीच विचारलं तर एवढंच म्हणाल्या, "चालत असेल तर ठेवा. नसेल तर चालेल अशी करा."

मला हे फार पटलं. जुनी सायकल दुरुस्त करायची ती चालवण्यासाठी आणि दुरुस्तीचा पाना बाईच्याही हातात हवा. याच मतासाठी आजचा हा लेख.

आधी या सायकलींबद्दल थोडं. रॅले कंपनी इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहरात १८८७ सालापासूनची. तिच्याच घरातली स्टर्मी-आर्चर कंपनी. १९०२ मध्ये त्यांनी मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या डब्यात, तीन गिअर बसवण्याचं पेटंट घेतलं. मूळ कल्पना विल्यम रायली नावाच्या कारागिराची, पण तो आधीच्या एका करारात अडकलेला. म्हणून पेटंट निघालं जेम्स आर्चर यांच्या नावानं, असं या विषयाचे इतिहासकार सांगतात. काम एकाचं आणि नाव दुसऱ्याचं, आपल्याला यात नवीन काय म्हणा! पुढं १९३० च्या दशकात 'एडब्ल्यू' नावाचा हब आला आणि तो इतका टिकाऊ निघाला की जगभर लाखो सायकलींत बसला. आपल्याकडं १९५० च्या दशकात आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना निघाला, मद्रासजवळ हर्क्युलस बनू लागली आणि विलायती सायकली कमी होत गेल्या. नॉटिंगहॅममध्ये आता सायकली बनत नाहीत. हबचा धंदा २००० साली तैवानच्या कंपनीनं घेतला, रॅलेचं तिथलं उत्पादन २००२ च्या सुमारास थांबलं.

आमची सायकल किती जुनी हे कळायला कागदपत्रं लागली नाहीत. मागच्या हबवरचा काळा थर चिंधीनं पुसला तर धातूवर '५४' हा आकडा कोरलेला दिसला. स्टर्मी-आर्चरच्या हबवर बनवल्याचं वर्ष ठोकलेलं असतं. म्हणजे आमची सायकल १९५४ च्या आसपासची. हँडलखालच्या पट्टीवर रॅलेचा बगळा आणि पॅडलच्या दातेरी चक्रातही कापलेले बगळेच! नातीनं तो बगळा शोधून काढला तेव्हा आईंना केवढा आनंद झाला. मडगार्डला नगरपालिकेचा पितळी बिल्ला तसाच होता. जुन्या वाचकांना आठवत असेल, सायकलचा कर भरून बिल्ला घ्यावा लागे आणि रात्री दिवा नसला की पोलीस अडवत. बिल्ला मी चिंच लावून घासला, देवाच्या भांड्यांबरोबरच.

आमच्या गावातले सायकलवाले चाचा सत्तरीचे आहेत. त्यांनी सायकल उलटी केली, चाक फिरवलं आणि म्हणाले, "वहिनी, ही मेलेली नाही, झोपलेली आहे." गिअरचा हब उघडायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. उघडायचा नाही, आधी पाजायचं, असं त्यांचं म्हणणं. हबच्या पोटावर एक चिमुकलं झाकण असतं. त्यातून शिलाई मशीनचं पातळ तेल चहाचा चमचाभर घातलं, चाक फिरवलं, रात्रभर आडवं ठेवलं. सकाळी काळं पाणी निघालं. पुन्हा तेल, पुन्हा फिरवणं. तिसऱ्या दिवशी आतून 'टिक टिक टिक' असा आवाज यायला लागला. चाचांनी कान लावला आणि हसले. आत चारी चाकं जागी झाली होती.

ही आतली गंमत मला फार आवडली, म्हणून सांगते. हबच्या आत मधोमध एक छोटं दातेरी चाक आसाला पक्कं असतं, ते फिरत नाही. त्याच्याभोवती चार चिमुकली चाकं फिरतात, सूर्याभोवती ग्रह फिरावेत तशी. त्या सगळ्यांच्या बाहेरून एक मोठं कडं. खटका दाबला की यातलं कोण कुणाला ओढणार ते बदलतं. दुसऱ्या गिअरला मागचं दातेरी चक्र एकदा फिरलं की चाकही एकदाच फिरतं. पहिल्याला चाक पाऊणच फिरतं, म्हणून चढावर पाय हलके पडतात. तिसऱ्याला एक आणि वर एक तृतीयांश फिरतं, सपाट रस्त्यावर वेग मिळतो. हे सगळं डब्यात बंद! धूळ नाही, चिखल नाही, पदर अडकायची भीती नाही.

घरात तेल भरपूर म्हणून कुणी हबमध्ये खोबरेल घालू नका हं! थंडीत ते गोठतं, पुढं चिकट होऊन बसतं आणि आतले नाजूक खटके हलेनासे होतात. पाहुण्या बाईंनी मला हाच सल्ला अगदी प्रेमानं दिला होता, पण चाचा शेजारीच उभे होते.

सर्वांत मोठी लढाई कॉटर पिनेशी झाली. पॅडलचा दांडा आसाला धरून ठेवणारी ही बोटभर पाचर. चाळीस वर्षांत ती गंजून एकजीव झाली होती. नवशिका माणूस इथं सरळ हातोडा घालतो आणि पिन वाकवून ठेवतो. चाचांनी दोन दिवस तेलात भिजत ठेवली. मग दांड्याखाली लोखंडी पाइपचा आधार दिला, नट पिनेच्या टोकाशी बरोबर समपातळीत ठेवला, म्हणजे आटे मरत नाहीत, आणि एकच ठोका दिला. निघाली! नव्या पिना बसवताना दोन्ही एकमेकींच्या उलट दिशेनं घालायच्या, नाहीतर दोन पॅडल एका रेषेत येत नाहीत. दुसरी पिन मी स्वतः ठोकली. घरी येऊन सांगितलं तर यजमानांचा विश्वास बसेना!

आता यातला खरा मजेचा भाग. इंग्लंड-अमेरिकेत अशा सायकली दुरुस्त करणारे हौशी लोक या पिना आणि २८ इंची दीड रुंदीचे टायर शोधत फिरतात. आमच्या तालुक्याच्या दुकानात दोन्ही वस्तू समोरच लटकत होत्या, कारण आपल्या दूधवाल्याची काळी सायकल त्याच घराण्यातली! ब्रेकचे गुटके, घंटी, स्टँड सगळं गावातच मिळालं. फक्त रॅलेचे काही आटे त्यांचे स्वतःचे, वेगळ्याच मापाचे असतात. म्हणून जुना नट किंवा कटोरी गंजलेली दिसली तरी टाकू नका, तीच साफ करून वापरा. मुलानं सुटलेला प्रत्येक नट मुखवासाच्या डब्यात नावाची चिठ्ठी लावून ठेवला, त्याचं कौतुक.

रंग देण्यावरून घरात बरीच वादावादी झाली. मी नको म्हटलं. काळ्या रंगावरच्या बारीक सोनेरी रेघा अजून दिसत होत्या. पावडर कोटिंग केलं की रेघा गेल्या आणि त्याखाली आईंची सतरा वर्षंही गेली. मऊ फडकं, साबणाचं कोमट पाणी आणि वर थोडं मेण, एवढंच केलं. चकचकीत भागावरचा गंज पोळ्या गुंडाळायच्या फॉइलनं निघतो, ती पाण्यात बुडवून घासायची. विश्वास नसेल तर नळाच्या तोटीवर करून पाहा. कातडी सीट मात्र तेलात बुचकळू नका, ती मऊ पडून खाली बसते. एकूण खर्च आला दोन हजार आठशे. चाचांनी मजुरी घ्यायलाच नको म्हटलं, ती मी बळजबरीनं दिली. कौशल्य फुकट घ्यायचं नाही, हे आम्ही बचत गटात सगळ्यांना सांगतो ना!

काही मैत्रिणी विचारतात, घरात स्कूटी असताना हा उपद्व्याप कशाला? त्यांना मी सांगते, तुझी स्कूटी तू खुशाल चालव. पण दळण, भाजी, बँक, बालवाडी, ही आपली रोजची कामं दोन-तीन किलोमीटरच्या आतली. गावात एखादा चढ असतोच, देवळाचा नाहीतर स्टेशनचा. तिथं साध्या सायकलवरून उतरावं लागतं आणि चौकातली मंडळी बघत बसतात. त्या चढापायी कितीतरी जणींनी चाळिशीतच सायकल सोडली. तीन गिअर नेमके त्याच चढासाठी आहेत. दुसरं असं, की हल्लीच्या एकवीस गिअरच्या सायकलला गिअर बदलताना पाय मारत राहावे लागतात. हा हब थांबलेला असतानाही गिअर बदलतो. फाटकात थांबलात, पहिला गिअर टाकलात आणि हलक्या पायानं निघालात! मागच्या मडगार्डला बारीक भोकं असतात, त्यांतून जाळी ओवायची. विलायतेतल्या बायकांचे घोळदार झगे चाकात जाऊ नयेत म्हणून केलेली ही सोय आपल्या साडीला आणि ओढणीला अगदी तशीच उपयोगी पडते.

दोष नाहीत असं नाही. स्टीलच्या रिमवर पाणी पडलं की सळईचे ब्रेक नीट धरत नाहीत. पावसात ही सायकल घाटउतारावर नेऊ नये, गावातही हळू चालवावी. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मधे एक पोकळ जागा आहे. केबल सैल किंवा जास्त ताणलेली असेल तर पाय एकदम रिकामा फिरतो, उभं राहून पॅडल मारणारीला लागू शकतं. त्याची तपासणी मात्र सोपी. दुसरा गिअर टाकायचा आणि मागच्या चाकाच्या उजव्या नटाला जी खिडकी असते तिच्यातून पाहायचं. आत साखळीला जोडलेली सळई असते, तिची पातळी आसाच्या टोकाबरोबर हवी. नसेल तर केबलची नळी बोटांनी फिरवून आणायची. दोन मिनिटांचं काम आहे. नातीला आता ते माझ्यापेक्षा चांगलं येतं.

आणि इथंच मला खरं बोलायचं आहे. समाजकार्याच्या निमित्तानं मी आजूबाजूच्या शाळांमध्ये जाते. मानव विकास कार्यक्रमातून आपल्या राज्यातल्या मागास तालुक्यांमधल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळाल्या. २०२२ मध्ये त्यासाठीची रक्कम साडेतीन हजारांवरून पाच हजार झाली. उत्तम योजना. बिहारमध्ये २००६ साली अशीच योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अभ्यासकांनी तिचा अभ्यास केला तर माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढल्याचं आणि मुलामुलींतली दरी ४० टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. म्हणजे सायकलनं काय होतं हे आता वेगळं सिद्ध करायला नको.

पण एका शाळेच्या शेडमध्ये मी अकरा सायकली नुसत्या उभ्या पाहिल्या. कुणाची ट्यूब गेलेली, कुणाची चेन उतरलेली, चार सायकलींची कॉटर पिन सैल. ही पिन सैल झाली की पॅडल डगमगतं आणि आठवडाभर तसंच चालवलं की दांडाच खराब होतो. वीस-पंचवीस रुपयांची पिन! वडील शेतावर, भाऊ म्हणतो रविवारी बघतो, आणि तो रविवार येत नाही. नववीतली एक मुलगी त्यापायी पंधरा दिवस शाळेत आली नव्हती. तिच्या आईला विचारलं तर म्हणाली, "ताई, ते गड्यांचं काम." विळीला धार लावणारी, मिक्सरचा फ्यूज बदलणारी, शिलाई मशीन उघडून साफ करणारी आपली बाई! तिला पान्यानं एक नट फिरवता येणार नाही?

तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरतेच्या चळवळीनं हजारो बायकांना सायकल शिकवली. शीला राणी चुंकत तेव्हा तिथं कलेक्टर होत्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याबद्दल लिहिलं आहे. काही बायकांना तिथं जेंट्स सायकलच बरी वाटे, कारण मधल्या दांड्यावर मूल बसवता येतं! सायकल हाती आली की बाई ती आपल्या सोयीनं वापरते, ती अशी. आपल्याकडं सायकल देण्याचा विचार झाला, सायकल राखण्याचा मात्र कुणी केला नाही. सायकलबरोबर एक पाना, पंक्चरचा डबा आणि एका दुपारचं शिक्षण द्यायला असा कितीसा खर्च येईल? मुख्याध्यापकांनी मनावर घेतलं तर कार्यानुभवाच्या तासालाही होईल.

आमच्या गटानं वाट न पाहता सुरुवात केली. शाळेच्या शेडमध्ये आईंची सायकल उलटी उभी केली आणि चाचांना खुर्ची दिली. एकवीस मुली आल्या. जुनी सायकल शिकायला फार चांगली, तिचा प्रत्येक भाग सुटतो आणि पुन्हा बसतो, चिकटवलेलं काही नाही. अकरापैकी नऊ सायकली मुलींनी स्वतः चालू केल्या. दोन रिम वाकलेल्या होत्या, त्यांचा आउट चाचांनी काढला. आई पंच्याऐंशीच्या आहेत, त्यांना आता सायकल झेपत नाही. पण त्या काठी टेकत आल्या आणि एका मुलीनं पिन उलटी घातलेली त्यांनीच आधी पाहिली!

सायकल आता नात शाळेला नेते. व्यापाऱ्याचा परवा पुन्हा फोन आला होता, पंधरा हजार देतो म्हणाला. आईंनी फोन घेतला आणि 'ती कामाला गेली आहे' असं सांगून ठेवून दिला.

तुमच्याही माळ्यावर, गोठ्यात किंवा माहेरच्या परसात अशी एखादी असेल. आधी हबवरचा आकडा पुसून बघा, पातळ तेल पाजा आणि टायर सोडून काहीही फेकायची घाई करू नका. आमच्याकडं यायचं असेल तर शनिवारी शाळा सुटल्यावर शेडमध्ये या. येताना जुना टूथब्रश आणि सुती चिंध्या आणा, पाने आमच्याकडं आहेत.